आठ माणसांची लिफ्ट

मोहनाचं कुठलंच काम कधी बाकी राहत नसे. शाळा, डबे, सासूबाईंची औषधं, आणि वर हसरा चेहरा. सकाळी उठताना छातीवर कोणीतरी बसलेलं असतं, हे मात्र तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. कोणी ‘कशी आहेस’ विचारलंच, तर ‘मजेत’ म्हणायचं बडोद्याचं ठरलेलं उत्तर होतं, “मजामां!”

त्यात आता हरणी भागातल्या त्यांच्या सोसायटीतली ही लिफ्ट. आठ माणसं सहज नेणारी; पण मोहना एकटी आत शिरली, तरी जादा वजनाची घंटा ठणाणा वाजायची. मेकॅनिक दोनदा येऊन गेला, बिघाड काही सापडला नाही.

आजही वाजली. शेजारच्या कोकिलाबेन हसल्या, “मोहनाबेन, शुं खाओ छो?”

“अगं, बाहेर ये बघू,” नवरा हेरंब वैतागला. “रोज काय हा तमाशा!”

“मी काय मुद्दाम वाजवते?” मोहना तणतणत बाहेर आली.

रिकामी लिफ्ट वाजतच राहिली.

मग तिचा तळ किंचित वर आला, कोणी जड माणूस उतरल्यावर येतो तसा, आणि घंटा थांबली.

कोकिलाबेन अंग चोरून बाजूला झाल्या. “मोहनाबेन, तमारी साथे कोण छे?”

“मजामां!” मोहना पटकन म्हणाली.