आधी तालीम

गिरणीत असताना सासऱ्यांनी बावीस नाटकं बसवली. त्यांच्या कॅसेटी बुरशीने गेल्या. आवाज उरले फक्त माझ्या लॅपटॉपवर. त्यांची प्रत नव्या डिस्कवर घ्यायला मी घाटकोपरच्या घरी टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडलं, झरझर कमांड लिहिली, एंटरवर बोट नेलं. मागून सासरे म्हणाले, “थांब गो. तालमीशिवाय पडदो उघडूचो नाय.” आयटीत दहा वर्षं काढलेली मी वैतागले, पण त्यांच्या समाधानासाठी कमांडला ड्राय रन जोडलं. त्यात काही बदलत नाही, काय होईल तेवढं दिसतं. स्क्रीनवर बावीस ओळी आल्या. प्रत्येक नाटकापुढे ‘डिलीट’. रिकाम्या डिस्कलाच मी मूळ ठरवलं होतं; तिच्याशी जुळवायला लॅपटॉपवरचं सगळं पुसलं गेलं असतं. सासरे खूश. “राजाच्या जागेर हुजऱ्याक उभो केलंस. तालमीत चुकूचाच. परत घे.” दुसऱ्या तालमीत सगळं जागेवर आलं. सासऱ्यांनी देवघरातली घंटा आणली, तीनदा वाजवली. “आता दाब.”