गोळीचा गुण

मोनालीची पीएचडी एका साध्या वेदनाशामक गोळीपाशी अडली होती. हाताला बारीक चटका द्यायचा, डोक्याला लावलेल्या तारांमधून मेंदूत उठणारी लाट पडद्यावर बघायची, मग गोळी देऊन तासभर पडायला सांगायचं आणि पुन्हा चटका. नेरूळमधली ओळखीपाळखीची सगळी माणसं डोक्याला तारा लावून घेऊन, चहा पिऊन गेली, पण गोळीनंतर लाट कुणाचीच खाली येत नव्हती. गाईड सरांनी आता फोन उचलणंही सोडलं होतं.

आज कुणीच उरलं नाही म्हणून तिने सोसायटीत पोळ्या करणाऱ्या शालनताईंना लॅबमध्ये आणलं. तासाभराने दुसरा चटका बसला आणि लाट चक्क निम्म्याने खाली आली. मोनालीने मशीन बंद करून, चालू करून पुन्हा पाहिलं. लाट निम्मीच.

"ताई, तुम्हाला गोळीचा गुण आला," ती खुर्चीत टेकत म्हणाली.



"गोळी होय? ती ठेवली की पर्समध्ये, आमच्या ह्यांचा खांदा लई दुखतो," शालनताई म्हणाल्या. "तासभर आडवं पडू दिलंत, कुणी हाक मारली नाही, मग त्या चटक्याचं काय एवढं?"