तहकूब

"आज पन कोन मेला नाय ना, पंत?"

सभेच्या खोलीबाहेर पायरीवर बसलेल्या रावजीने हसत विचारले. गंगाधरपंत वहाणा काढत होते.

रावजी पोलादपूरच्या वरच्या वाडीतला. सून रखमा गरोदर होती, दिवस भरत आले होते. पोलादपुरात एक शिकलेली सुईण नेमावी, एवढेच त्याचे मागणे. त्यासाठी बहीण ठमाबाईला घेऊन तो पहाटेच निघून महाडपर्यंत चालत आला होता. मागच्या महिन्यातही असाच आला होता आणि सभा तहकूब झाल्याने हात हलवत परतला होता. तालुक्याची आरोग्य समिती महिन्यातून एकदा भरते, बाहेरच्या माणसाला आत बसू देत नाहीत, पण दारात बसून ऐकू देतात, हे त्याला आता पाठ झाले होते.

"पंतांची डोय बघ रे," ठमाबाई हळूच म्हणाली. तिचे हळू साऱ्या ओसरीला ऐकू जाई. "बाप जाऊन म्हयना झाला, अजून केस नाय उगवला."

"शेरातला सगलाच सावकाश, गो," रावजी म्हणाला.

गंगाधरपंतांनी डोक्यावरून हात फिरवला. वडिलांच्या वेळी उतरवलेले केस नुकते हाताला लागू लागले होते. या आठवड्यात ते पुन्हा उतरवावे लागले होते.

आत जाऊन ते भिंतीकडच्या वेगळ्या बाकावर बसले. सुतक होते. कोणी जवळ आले नाही, आणि कोणी यावे असे त्यांनाही वाटत नव्हते.

"अहो, सुतकात कशाला आलात, पंत?" अध्यक्ष यज्ञेश्वरराव वकील म्हणाले.

"दोन सभासद तापाने पडले आहेत. मी नसतो तर कोरम भरला नसता."

यज्ञेश्वरराव मनाने चांगला माणूस. त्यांनी उपरण्याने डोळे टिपले आणि ते उभे राहिले. "आपले सन्माननीय सभासद गंगाधरपंत यांच्या सौभाग्यवती विनोदिनीबाई पोलादपूरला माहेरी गेल्या होत्या. तिथे बाळंतपणात, बाळ-बाळंतीण दोघेही..." मग उपरणे खांद्यावर टाकून ते म्हणाले, "तरी समितीने दुखवट्याचा ठराव करावा, आणि रिवाजाप्रमाणे आजची सभा तहकूब करावी, अशी माझी सूचना आहे."

चिटणीस महिपतरावांनी टाक दौतीत बुडवून सूचना टिपून घेतली. रिवाज जुना होता. सभासदाच्या घरी कोणी गेले की पहिला ठराव दुखवट्याचा. सगळ्यांनी क्षणभर उभे राहायचे, मग घरी जायचे. बाकीचे विषय पुढच्या सभेला. गेलेल्या माणसाला मान देण्याची समितीकडे दुसरी रीत नव्हती.

दारात रावजी उभा राहिला होता. त्याचे हसू पार गेले होते. ठमाबाईने पदराचा बोळा तोंडाशी धरला होता.

"चल, गो," तो पुटपुटला. "मानसाचा घर बुडाला. आज कसा मागायचा?"

दोघे पायरी उतरू लागली.

"रावजी, बस," गंगाधरपंत म्हणाले. मग अध्यक्षांकडे वळून म्हणाले, "मला दुखवटा नको. पहिला विषय घ्या."



"पंत, असं कसं?" यज्ञेश्वरराव समजुतीने म्हणाले. "मागच्या महिन्यात तुमच्या वडिलांसाठी आपण सभा तहकूब केली. तुम्ही उभं राहून आभार मानलेत. मग वहिनींनीच काय केलं? अहो, त्यांचं नाव समितीच्या दप्तरात कायमचं राहील."

गंगाधरपंत त्या दिवशी घरी गेले होते ते भरल्या मनाने. आबांसाठी सगळे उभे राहिले, असे त्यांनी विनोदिनीला सांगितले होते. तिलाही बरे वाटले होते. पुढच्याच आठवड्यात ती माहेरी गेली.

आणि नाव. तिचे नाव कुठे लिहिलेलेच नव्हते. ना घराच्या दारावर, ना कुठल्या कागदावर. लग्नात त्यांनी अंगठीने ताटातल्या तांदळात लिहिले होते, तेवढेच. ते ताटही कोणीतरी लगेच उचलून नेले होते. महिपतरावांचे अक्षर चांगले. दप्तरात ते नाव शोभले असते.

"पहिला विषय," गंगाधरपंत पुन्हा म्हणाले.

महिपतरावांनी अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्ष खाली बसले. त्यांनी मान हलवली.

"पोलादपूर येथे शिकलेली सुईण नेमणे," महिपतरावांनी वाचले. "मागील सभेत तहकूब झाल्याने आज पुढे."

"सूचक मी," गंगाधरपंत म्हणाले.

अनुमोदन कोणी दिले तेही कळले नाही. हात वर झाले. येत्या सोमवारपासून सुईण पोलादपूरला राहील, असे ठरले. बाहेर रावजीने हात जोडले.

महिपतराव काटेकोर माणूस. त्यांनी घुटमळत मान वर केली.

"पंत, अध्यक्षसाहेबांची दुखवट्याची सूचना मी लिहून घेतली आहे. सूचना आली आणि ठराव झाला नाही, तर कारण नोंदावं लागतं. काय लिहू?"

"लिहा," गंगाधरपंत म्हणाले, "तिचा दुखवटा मागच्याच सभेत झाला."