पोटरीतली कळ

लग्न झाल्यापासून मुकुंदराव रस्त्यात कायम शैलाबाईंच्या पुढे. मागे वळून बघितलं तर जणू मान मोडली असती. यंदा मात्र इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या टाउन सेंटरमध्ये ते दर दुकानाच्या काचेपुढे थांबू लागले. एकदा तर "हा कोट तुला शोभेल" असंसुद्धा म्हणाले. डोंबलाचं कौतुक. पायांना रक्त पुरेना म्हणून पोटरीत कळ यायची आणि ती जिरेपर्यंत स्वारी बायकोशी बोलायची.

तिथल्याच, मूळच्या नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्तवाहिन्या रुंदावणारी गोळी दिली. पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं, "काही साइड इफेक्ट?"

"नथिंग. फर्स्ट क्लास चालतोय," मुकुंदराव म्हणाले.

"आहे एक," शैलाबाई म्हणाल्या. "हे पुन्हा माझ्या पुढे चालायला लागलेत."