पांढरा ठिपका

"बघ! डोळे उघडून बघ!" सरांनी गाडीचा फाटका बुश मिस्त्रीच्या नाकासमोर धरला. लोखंडी कड्याच्या आतल्या रबराच्या चिंध्या झाल्या होत्या. "आठ महिने! फक्त आठ महिन्यांपूर्वी तुझ्या गॅरेजात बसवलेला बुश आहे हा."

मिस्त्री हातातलं काम टाकून आला होता. फोनवर सर एवढंच म्हणाले होते, "असशील तसा ये." चाळिशी उलटली, हाताखाली अकरा माणसं आली, तरी सरांच्या फाटकातून आत शिरताना तो अजून शर्टाचं वरचं बटण लावायचा.

सरांची सव्वीस वर्षांची गाडी अंगणात पुढून स्टँडवर उचललेली होती. डावं चाक काढलेलं होतं आणि चाकाला धरणारा, बुश ज्यात बसतो तो डावीकडचा आर्म गोणपाटावर पडला होता. त्याचे बोल्ट सरांनी सकाळीच रॉकेलच्या डब्यात टाकले होते. उजव्या बाजूला अजून हात लागलेला नव्हता.

"बोल, बुश इतक्या लवकर का फाटतो?"

वर्गातला प्रश्न होता, आणि तोही कुंपणापलीकडून दोन शेजारी बघत असताना. मिस्त्रीचे कान तापले.

"चाक हवेत लटकत असताना बोल्ट आवळला तर," तो म्हणाला. "गाडी खाली आली की रबराला पीळ बसतो आणि मग ते फाटतं."

"म्हणून काय करायचं?"

"गाडी चाकांवर उभी करायची, वजन पडू द्यायचं आणि मगच बोल्ट शेवटचा आवळायचा. मी तसंच केलं होतं, सर."

"मग हे काय आहे? उंदरांनी कुरतडलं?"

शेजाऱ्यांपैकी एक हसला. मिस्त्रीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घातली.

काकू पाणी घेऊन आल्या. "अहो, घरात बसून बोला ना. कंबर धरली होती ते विसरलात का? तेव्हा गाडी याच्याकडे पाठवली, ती परत आली आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही नवा शर्ट घालून, तिला जॅकवर चढवून तिच्याखाली शिरलात. डाग गेला का त्याचा? आता पुसायला घेतलाय तो."

"नुसती नजर टाकली होती!" सर खेकसले. "आणि नजर टाकण्यापेक्षा जास्त बघायला हवं होतं, हीच माझी चूक. विद्यार्थ्यावर विश्वास टाकला."

हे मात्र मिस्त्रीला झोंबलं. ओसरीवरच्या टेबलावर प्राचार्यांचं पत्र पडलेलं त्याने येतानाच पाहिलं होतं. सर ज्या संस्थेत तीस वर्षं शिकवत होते, तिथली त्यांची जागा आता मिस्त्रीला मिळायची होती. त्याला तिथे शिकवायचंच होतं. गॅरेज भाचा सांभाळणार होता. प्राचार्यांनी सरांचं मत विचारलं होतं: तुमचा एक शब्द पुरे.

"मी आजच कळवतो," सर म्हणाले, "की हा माणूस पोरांपुढे उभा राहायच्या लायकीचा नाही. माझ्या हातून असा एक जरी बोल्ट आवळला गेला असता ना, तर त्याच दिवशी पाना कायमचा खाली ठेवला असता."

"असं नका बोलू," काकू म्हणाल्या. मग मिस्त्रीकडे वळून हळूच, "सकाळी उठतात ते त्या गाडीसाठीच रे. दुसरं काय उरलंय?"

मिस्त्रीने पाण्याचा पेला तसाच ठेवला. आता त्याचाही आवाज चढला होता.

"सर, ठिपका बघू या. माझा पांढरा ठिपका."

ही पद्धत सरांचीच. बोल्ट शेवटचा आवळला की त्यावर रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे सही. विद्यार्थ्यांचा पांढरा, पिवळा फक्त सरांचा. एका पोराने गमतीत पिवळ्या डबीत ब्रश बुडवला, तर सरांनी त्याला आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. मिस्त्रीच्या गॅरेजात आजही पिवळ्या रंगाची डबी ठेवत नसत.

"रॉकेलातल्या बोल्टांवर आता काही राहिलं नसेल," मिस्त्री म्हणाला. "पण उजवीकडचे जागेवर आहेत. वर चिखल बसलाय, खाली ठिपका असणार. वजनावर आवळल्याशिवाय मी तो देत नाही."

"माझ्या पोरांनी आजवर खोटा ठिपका दिलेला नाही, हे खरंय," सर म्हणाले. "पांढरा ठिपका दाखव. दिसला तर इथेच, शेजाऱ्यांसमोर, तुझी माफी मागतो आणि प्राचार्यांना तू म्हणशील ते लिहून देतो. नाही दिसला तर माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही."

"मान्य."

मिस्त्रीने जुन्या शर्टाचा बोळा रॉकेलात बुडवला आणि पाठीवर सरकत उजव्या चाकामागे शिरला. शिट्टी वाजवत काम करायची त्याची सवय सरांनाही मोडता आली नव्हती. ती शिट्टी गाडीखालून ऐकू येऊ लागली. चिखलाची ढेकळं खाली पडली.

मग शिट्टी थांबली.

"काय झालं?" सरांनी विचारलं. "आहे का ठिपका?"

गाडीखालून फक्त बोळा घासल्याचा आवाज आला.

"थांब, मीच येतो बघायला." सर बॉनेट धरून वाकू लागले.

"नको सर, वाकू नका. कंबर धरेल."

"मग बोल की! आहे का नाही?"

"माझीच चूक, सर," मिस्त्री गाडीखालूनच म्हणाला, आणि हातातला बोळा पिवळाधमक होईपर्यंत तो बोल्ट पुसत राहिला.