कोरं जोतं

"हॉल देईन, जेवण देईन. पण आधी मला सांगा मास्तर, ह्यात संग्रहालय कुठंय?" विजयसिंहांनी मोबाइल हातभर लांब धरून डोळे बारीक केले. "मला तर निस्ता चिखल दिसतोय."

मानसिंग मास्तरांनी माशाच्या रस्सा-भाताचं ताट बाजूला सारलं. असल्या प्रश्नांची त्यांना सवय झाली होती. बारामतीतल्या चार-पाच निवृत्त मंडळींची ही टोळी. ना कचेरी, ना शिपाई. काही वेगळं करून दाखवणाऱ्या संग्रहालयाला दरवर्षी पुरस्कार द्यायचा, एवढंच खूळ. पाठीशी उभे राहणारे एकेक करून गळाले होते. इंदापूरच्या एका बागायतदारानं तर "मेलेल्या वस्तूंना कसलं बक्षीस?" म्हणून चहावर बोळवण केली होती. आता समारंभाला विजयसिंहांच्या या भिगवणच्या हायवेवरच्या हॉटेलाचा हॉल मिळाला नाही, तर पुरस्कार यंदापासून बंदच पडणार होता.

आणि नेमका यंदाचा पुरस्कार मास्तरांना सोडवत नव्हता.

"चिखल नव्हे, विजयराव. आपलं जुनं गाव आहे ते. उजनीचं पाणी उतरलं की उन्हाळ्यात वर येतं. कुणीतरी होडीनं जातं, घरांची जोती झाडतं आणि दर जोत्यावर घरधन्याचं नाव चुन्यानं लिहितं. ना तिकीट, ना कुलूप. धरण भरायला लागलं की संग्रहालय बंद. असं दुसरं कुठं असेल तर दाखवा!"

"कोण लिवतंय?"

"होडीवाला सोनबा सांगत नाही. शपथ घातलीय म्हणतो."

"आसंल कोणतरी रिकामटेकडं," गल्ल्याशेजारच्या बाजेवरून आवाज आला.

विजयसिंहांच्या आई, साखरबाई. तळहातावर तंबाखू मळत बसलेल्या.

"आई, तू तंबाखूकडं बघ."

"बघतीय की. तू तुझ्या बोर्डाकडं बघ. बोर्डावर मरळ लिवलीस आन् ताटात चिलापी वाढतोस."

विजयसिंह कपाळाला हात लावून हसले. "नातीनं हिला पाटीवर अक्षरं शिकिवली, तवापासनं धंद्याची वाट लागलीय बघा. त्यात आत्ता नरसिंहपूरवरनं आलीय, भावाकडनं. दर उन्हाळ्याला जाती न् करपून येती."

"संगमावर ऊन लई," म्हातारीनं चुन्याची डबी पदरात गुंडाळली.

मास्तर मोबाइल परत घेऊन फोटो सरकवू लागले. हे दत्तोबा सुताराचं जोतं. शाळा सुटली की पोरांना भवरे करून द्यायचा, आणि भवरा नीट फिरला नाही तर पोराच्याच टाळक्यात टपली मारायचा. ही पिठाची गिरणी. हिच्या भोंग्यावर सगळं गाव जेवायला बसायचं. आणि हे मास्तरांचं स्वतःचं. त्यावर लिहिलं होतं, 'रामजी ढोलकीवाला'. नव्या गावठाणात त्यांच्या वडिलांना ढोलकीवाला म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. ते वाचून मास्तर पांढऱ्या पँटसकट चिखलात बसले होते, ते सोनबानं हात देईपर्यंत.

विजयसिंहांनी मोबाइल त्यांच्या हातातून ओढूनच घेतला. "आमचं कुठंय? वेशीपाशी, लिंबाच्या खोडाला लागून?"

सापडलं. बाकीच्या जोत्यांवर गाळ तरी होता. हे लख्ख झाडलेलं, कोपऱ्यान् कोपरा पुसलेला. नाव मात्र नव्हतं.

विजयसिंहांनी पुन्हा पाहिलं. बोटांनी फोटो मोठा केला. मग त्यांचा चेहरा उतरला, आणि पाठोपाठ आवाज चढला.

"समद्या गावाची नावं, आन् आमचंच जोतं कोरं? मास्तर, माझा बाप सगळ्यात शेवटी उठला गावातनं. पाणी उंबऱ्याला लागंस्तवर दुसऱ्यांची बिऱ्हाडं गाडीवर चढवत हुता. मग मला खांद्यावर घेतलं न् मागं वळून बघितलं न्हाय. तूच सांग गं आई, काय नाव हुतं त्याचं!"

साखरबाईंनी हनुवटीनं भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडं खूण केली. "त्याच्याखाली लिवलंय की. मास्तरांना वाचता येतंय."

"शंभूराज!" विजयसिंहांनी टेबलावर मूठ आपटली. "हे नाव ज्याला लिववलं न्हाय, त्याला माझ्या हॉलात शाल न् नारळ? जमायचं न्हाय. त्या जोत्यावर नाव येऊ द्या, मग हॉल तुमचा, जेवण माझं, दरसाल. तवर न्हाय."

"बरुबर हाय," म्हातारी म्हणाली. "कशाला पायजे बक्षीस आन् बिक्षीस?"

मास्तरांनी पिशवी उचलली. नाव काय, त्यांनाही लिहिता आलं असतं. पण दुसऱ्यानं मांडलेल्या संग्रहालयात आपण परस्पर हात घालायचा, हे त्यांच्या मनाला पटेना. ज्याला विचारायचं तो सापडेना. आणि आभाळ तर रोज भरून येत होतं.

ते एसटीच्या थांब्यावर येऊन उभे राहिले. बारामतीची गाडी लांबून दिसली, तेवढ्यात मागं वहाणा फरफटल्या.

"थांबा मास्तर."

साखरबाई धापा टाकत होत्या. पदराखाली दुधाची किटली होती. ती त्यांनी मास्तरांच्या पायाशी ठेवली आणि झाकण उघडलं. आत भिजवलेला चुना होता, त्यात रुतवलेला कुंचा.

"सोनबा होडीपाशी हाय. वेशीजवळचं तेवढं तुमी लिवा. जाडं अक्षर काढा, लांबनं दिसाय पायजे."

मास्तरांनी चुन्याकडं पाहिलं. मग साखरबाईंच्या चिरलेल्या, पांढुरक्या बोटांकडं पाहिलं. गाडी आली आणि निघूनही गेली.

"काकी... मग हे एवढं एकच का राहिलं?"

साखरबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि नव्या नवरीसारखं तोंड फिरवलं.

"मालकाचं नाव कधी तोंडानं घेतलं न्हाय, मास्तर. हातानं कसं घिऊ?"