दुसरा दाणा

नवरा गेल्यावर महिन्याभराने जसीबा पहिल्यांदाच देरासरात, त्यांच्या जैन मंदिरात, आल्या आणि पाटावर तांदळाचं स्वस्तिक काढायला बसल्या. शेजारच्या कंचनबेन हळूच म्हणाल्या, "बा, धीर धरा. एवढे धर्मात्मे होते ते, नक्की स्वर्गात गेले असणार."

"तोंड सांभाळ!" जसीबा उखडल्या. त्यांनी स्वस्तिकाच्या एका हातावर बोट ठेवलं. "हा बघ तुझा स्वर्ग. हा माणसाचा जन्म, हा जनावराचा, हा नरक. चारही फेरेच! पुण्य सरलं की स्वर्गातूनही परत खाली. बावन्न वर्षं भांडून भांडून त्या माणसाचा बटाटा सोडवला, तो काय स्वर्गात धाडायला?"

कंचनबेनना हसू आवरेना. "मग पुढच्या जन्मी त्यांची भेट नको का तुम्हाला?"

"नको."

जसीबांनी वर तीन ढिगल्या घातल्या, त्यांच्यावर चंद्रकोर काढली. कोरीत, जिथून कुणी परत येत नाही त्या मोक्षाच्या जागी, एक दाणा ठेवला.

"सारखं भेटायचं आणि सारखं पोचवायला जायचं, कुणी सांगितलंय? आता एकदाच भेटू," त्या म्हणाल्या, आणि त्याला खेटून दुसरा दाणा ठेवला.